जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक येथील बिअरची तुलना

जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक हे मध्य युरोपातील शेजारी देश बिअरनिर्मितीच्या दीर्घ परंपरेसाठी प्रसिद्ध आहेत. बिअरच्या दरडोई खपात चेक प्रजासत्ताक जगात अग्रस्थानी असून अलीकडच्या वर्षांत तेथील वार्षिक खप १३० लिटरच्या आसपास राहिला आहे. जर्मनीत तो सुमारे ९० लिटर आहे. चेक बिअर स्वस्त आणि जर्मन बिअर महाग, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि बिअर दुकानातून घेतली की मद्यगृहात, आणि घेणाऱ्याचे उत्पन्न किती, यांनुसार या तुलनेचा निष्कर्ष बदलतो.

इतिहास

२३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी इंगोलश्टाट येथे बिअरविषयक आदेश काढला. पुढे तो ‘राइनहाइट्सगेबोट’ (शुद्धतेचा नियम) या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यानुसार बिअरमध्ये केवळ सातू, हॉप्स आणि पाणी यांचाच वापर करण्यास अनुमती होती. यीस्टचा उल्लेख त्यात नव्हता. याच आदेशाने किंमतही ठरवून दिली होती: हिवाळ्यात एका ‘मास’ मापाला जास्तीत जास्त १ फेनिग आणि उन्हाळ्यात २ फेनिग. गुणवत्ता आणि किंमत यांचे नियमन अशा प्रकारे एकाच आदेशाने झाले. १९०६ मध्ये घटकांविषयीचा हा नियम संपूर्ण जर्मन साम्राज्यात लागू झाला.

चेक बिअरची आधुनिक ओळख बोहेमियातील प्लझेन शहराशी निगडित आहे. १८३८ मध्ये तेथील बिअरचा दर्जा इतका खालावला की ३६ पिंपे बिअर रस्त्यावर ओतून देण्यात आली. त्यानंतर नागरिकांनी स्वतःची बिअर भट्टी उभारली आणि बव्हेरियातील फिल्सहोफेनचा योसेफ ग्रोल याला पाचारण केले. त्याने ऑक्टोबर १८४२ मध्ये फिकट माल्ट, झाटेट्स परिसरातील हॉप्स आणि प्लझेनचे मृदू पाणी वापरून सोनेरी रंगाची बिअर तयार केली. ‘पिल्सनर’ हा प्रकार त्यातून जगभर पसरला. म्हणजेच चेक बिअरच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकाराचा कर्ता जर्मन होता.

गुणवत्तेचे निकष

गुणवत्ता मोजण्याचे एकच सर्वमान्य परिमाण नाही. जर्मन नियम घटकांवर बंधन घालतो, चवीवर नाही. १९८७ मध्ये युरोपीय न्यायालयाने या नियमाच्या आधारे परदेशी बिअरची विक्री रोखता येणार नाही, असा निर्णय दिला. जर्मन उत्पादकांवर मात्र तो देशांतर्गत कायद्याने बंधनकारक राहिला. चेक कायद्यानुसार माल्टचा काही भाग साखर किंवा मोड न आणलेले धान्य वापरून भरून काढता येतो.

२००८ मध्ये ‘चेस्के पिवो’ (चेक बिअर) या नावाला युरोपीय संघात संरक्षित भौगोलिक निर्देशांक मिळाला. हे नाव वापरण्यासाठी तळाशी बसणारे यीस्ट आणि चेक हॉप्सचा ठरावीक किमान वाटा आवश्यक असतो. तसेच माल्ट व पाण्याच्या मिश्रणाचा काही भाग वेगळा काढून उकळण्याची पारंपरिक ‘डिकॉक्शन’ पद्धत वापरावी लागते. चेक बिअरमधील साखर पूर्णपणे आंबवली जात नसल्याने तिची चव भरीव लागते. जर्मन पिल्स तुलनेने कोरडी असते. हा फरक शैलीचा आहे, श्रेष्ठ-कनिष्ठतेचा नाही.

कर

दोन्ही देशांत अबकारी शुल्क ‘प्लेटो अंशां’वर आकारले जाते. हा अंश आंबवण्यापूर्वीच्या द्रवात विरघळलेल्या, मुख्यतः माल्टपासून आलेल्या पदार्थांचे प्रमाण दाखवतो. तो मद्यार्काची टक्केवारी नव्हे. १२ अंशांच्या बिअरमध्ये साधारणतः ५ टक्के मद्यार्क असतो.

जर्मनीत प्रत्येक अंशाला दर हेक्टोलिटरमागे (१०० लिटर) ०.७८७ युरो, तर चेक प्रजासत्ताकात २०१० पासून ३२ कोरुना इतका पूर्ण दर आहे. लहान भट्ट्यांना दोन्हीकडे सवलत मिळते. १ युरो म्हणजे २५ कोरुना धरल्यास १२ अंशांच्या अर्ध्या लिटर बिअरवरील शुल्क जर्मनीत सुमारे ४.७ सेंट, तर चेक प्रजासत्ताकात सुमारे ७.७ सेंट होते. चेक बिअरवरील शुल्क अधिक असल्याने तिच्या स्वस्ताईचे कारण अबकारी शुल्कात सापडत नाही.

जर्मनीत बिअरवर १९ टक्के मूल्यवर्धित कर आहे. चेक प्रजासत्ताकात मद्यगृहातील पिंपाच्या बिअरवरील हा कर मे २०२० पासून १० टक्के होता. १ जानेवारी २०२४ पासून तो पुन्हा २१ टक्के झाला.

किंमत आणि क्रयशक्ती

दुकानांतील किमतींत फारसे अंतर नसते. जर्मनीतील सवलतीच्या दुकानांमधील तीव्र स्पर्धेमुळे तेथील बाटलीबंद बिअर चेक बिअरइतकीच स्वस्त मिळू शकते. मोठा फरक मद्यगृहांत दिसतो, कारण तेथील किमतीत वेतन, भाडे आणि सेवा यांचा वाटा मोठा असतो. स्थळाचा प्रभाव जर्मनीतही स्पष्ट दिसतो: २०२४ च्या म्युनिक ऑक्टोबरफेस्टमध्ये एक लिटर बिअरची किंमत १३.६० ते १५.३० युरो होती.

२०२४ मध्ये किमान वेतन जर्मनीत ताशी १२.४१ युरो, तर चेक प्रजासत्ताकात ताशी ११२.५० कोरुना (सुमारे ४.५० युरो) होते. उदाहरणादाखल मद्यगृहातील अर्धा लिटर बिअर जर्मनीत ४.५० युरोंना आणि चेक प्रजासत्ताकात ५५ कोरुनांना (२.२० युरो) धरल्यास, ती घेण्यासाठी किमान वेतनावरील कामगाराला जर्मनीत सुमारे २२ मिनिटे, तर चेक प्रजासत्ताकात सुमारे २९ मिनिटे काम करावे लागेल. जर्मन पर्यटकाला निम्म्या किमतीत मिळणारी बिअर अशा स्थानिक कामगाराला मात्र महाग पडते.

सीमापार खरेदी

चेक प्रजासत्ताक १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आणि डिसेंबर २००७ मध्ये शेंगेन क्षेत्रात सामील झाले. त्यामुळे या सीमेवरील नियमित तपासणी संपली. वैयक्तिक वापरासाठी दुसऱ्या सदस्य देशातून आणलेल्या बिअरवर पुन्हा शुल्क द्यावे लागत नाही. त्यासाठी ११० लिटर ही मार्गदर्शक मर्यादा आहे. वाहनचालकांच्या बाबतीत नियम भिन्न आहेत: जर्मनीत रक्तातील मद्यार्काची सर्वसाधारण मर्यादा दर हजारी ०.५ आहे, तर चेक प्रजासत्ताकात ती शून्य आहे. बिअर विकत घेण्याचे किमान वय जर्मनीत १६, तर चेक प्रजासत्ताकात १८ वर्षे आहे.