इंजिनाच्या कागदांची पारख

ऐतिहासिक पत्रांतील तिथि व वार जंत्रीशीं जुळले नाहींत, तर तें पत्र कितीहि जुन्या कागदावर असलें तरी संशयास्पद ठरतें. इंजिनांच्या कार्यक्षमतेविषयींच्या जुन्या दाव्यांनाहि अशीच एक जंत्री लागू आहे; ती म्हणजे उष्मागतिशास्त्र. मुळेपलीकडील खडकीस १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तेव्हां विश्रांतवाडीच्या परिसरांतील संग्राहकांच्या हातीं असे कागद येण्याचा संभव आहे. त्यांच्या पारखेच्या तीन कसोट्या आम्ही येथें नमूद करितों.

पहिली कसोटी मर्यादेची. उष्णतेपासून मिळणाऱ्या कार्यास उष्ण व थंड बाजूंच्या उष्णतामानांची मर्यादा असते, हें सादी कार्नो यानें १८२४ सालीं दाखविलें. ऑटोच्या इंजिनाच्या आदर्श चक्रांत मिश्रण किती पट दाबलें जातें यावर कार्यक्षमता ठरते. आठ पट दाब असतां ती सुमारें ५६ टक्के येते. अशा पेट्रोल इंजिनास याहून अधिक कार्यक्षमता देणारा कागद, त्यावर कोणाचाहि शिक्का असो, त्याज्य समजावा.

दुसरी कसोटी मोजमापाची. रुडॉल्फ डीझेल यानें १८९३ च्या पुस्तिकेंत कार्नोच्या चक्राचें ध्येय ठेविलें होतें. प्रत्यक्षांत तें सोडावें लागलें. पुढें १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं आउग्सबुर्ग येथें प्राध्यापक श्रोटर यांनीं त्याच्या इंजिनाची चांचणी घेतली. दर अश्वशक्ति-तासास २३८ ग्रॅम इंधन लागलें. त्याची उष्णता सुमारें २,४०० किलोकॅलरी व एका अश्वशक्ति-तासाचें कार्य ६३२ किलोकॅलरी. म्हणजे सुमारें २६ टक्के. प्रसिद्ध आंकडा २६.२ आहे. पुस्तिका हा संकल्प होय. चांचणीचें टिपण हाच पुरावा.

तिसरी कसोटी खुद्द यंत्राच्या साक्षीची. वॉटचा सहायक जॉन सदर्न यानें १७९६ सालीं सिलिंडरांतील दाब पेन्सिलीनें कागदावर उमटविण्याची योजना केली. या आकृतीचें क्षेत्रफळ म्हणजे सिलिंडरांत झालेलें कार्य. ब्रेकवर मोजलेलें कार्य घर्षणामुळें त्याहून कमीच भरलें पाहिजे. अधिक भरल्यास दोहोंपैकीं एक नोंद चुकीची.

इंजिन भंगारांत गेलें कीं त्याच्या आकृत्या व नोंदवह्या रद्दींत जातात, आणि मागें उरते ती केवळ जाहिरात. इंजिनाचा क्रमांक, इंधन व तारीख यांसह असा कागद मिळाल्यास तो मोडी दफ्तराइतक्याच काळजीनें जपावा, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.