पाच पाळणे आणि रस्त्यापलीकडची भावंडे

#थ्रेड

१/ १८ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत डिस्ने चॅनलवर ‘क्विंट्स’ हा कौटुंबिक विनोदी चित्रपट प्रथम दाखवला गेला. चौदा वर्षांची जेमी ग्रोव्हर ही एकुलती एक मुलगी आई-वडिलांच्या अतिलक्षाने त्रासलेली असते. मग आईला एकाच बाळंतपणात पाच मुले होतात. हवी असलेली मोकळीक मिळते खरी, पण घरात आपल्याकडे पाहणारे कुणी उरलेले नाही, हेही जेमीला कळून चुकते.

२/ चित्रपट हलकाफुलका आहे आणि त्याचा शेवट गोड आहे. मात्र पाच बाळे, भोवतीची प्रसिद्धी, बाळांजवळ येऊ पाहणारा गव्हर्नर आणि बाजूला पडलेले थोरले भावंड ही सामग्री पटकथाकारांच्या कल्पनेतून प्रथम निघालेली नाही. या सगळ्याला सहा दशकांहून जुना इतिहास आहे. तो कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील एका शेतघरात सुरू होतो.

३/ २८ मे १९३४. कॅलंडर गावाजवळच्या कॉर्बेय या वस्तीत एल्झीर दिऑन या पंचवीस वर्षांच्या फ्रेंचभाषक शेतकरी स्त्रीने दोन महिने आधीच पाच मुलींना जन्म दिला. इव्हॉन, अ‍ॅनेट, सेसिल, एमिली आणि मारी. पाचही एकसारख्या. पाचही जणींचे मिळून वजन सहा किलोच्या आसपास. एकाच वेळी जन्मलेली पाचही अर्भके जगल्याचे तोवर कुठेच ज्ञात नव्हते.

४/ प्रसूतीला दोन सुइणी होत्या. डॉक्टर अ‍ॅलन रॉय डॅफो नंतर पोहोचले. घरात वीज नव्हती. मुलींना वेताच्या टोपलीत, ऊबदार कापडांत गुंडाळून चुलीच्या उघड्या भट्टीजवळ ठेवले गेले. ऑलिव्ह तेलाने अंग चोळणे, पाणी आणि कॉर्न सिरप यांचे थेंब, अधूनमधून रमचे एक-दोन थेंब, एवढ्यावर पहिले दिवस निघाले. पुढे गरम पाण्यावर चालणारी ऊबपेटी आली.

५/ या घरात आधीची पाच मुले होती: अर्नेस्ट, रोझ, तेरेझ, डॅनियल आणि पोलीन. धाकटी पोलीन तर वर्षाचीही झाली नव्हती. बातम्यांनी जग भरून गेले, तेव्हा या पाच जणांची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि स्वयंपाकघर परिचारिका व वार्ताहर यांनी व्यापले होते. चित्रपटातली जेमी चौदा वर्षांची आहे. इथला सर्वांत थोरला मुलगा दहा वर्षांचाही नव्हता.

६/ ते महामंदीचे दिवस होते. वडील ओलिव्हा यांनी काही दिवसांतच शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मुलींना मांडण्याचा करार केला आणि लवकरच त्यातून बाहेर पडण्याची धडपडही केली. पण ओंटारिओ सरकारला कारण मिळाले. मुलींचे शोषण होऊ नये, या युक्तिवादावर त्यांचे पालकत्व आई-वडिलांकडून काढून घेण्यात आले. मार्च १९३५ मध्ये खास कायदा करून त्यांना अठराव्या वर्षापर्यंत राजसत्तेच्या पाल्य ठरवले गेले.

७/ इथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. हे आई-वडील मुले वाढवण्यास अपात्र आहेत, असे सरकारला खरोखर वाटत असते, तर तोच न्याय घरातल्या थोरल्या पाच मुलांनाही लागू झाला असता. तसे झाले नाही. थोरली पाच त्याच घरात, त्याच आई-वडिलांकडे राहिली. कायद्याने हात घातला तो केवळ ज्यांना पाहायला लोक येत होते, त्या पाच मुलींना.

८/ शेतघराच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, मुलींसाठी डॅफो रुग्णालय व बालगृह उभे राहिले. भोवती कुंपण, आत परिचारिका, शिक्षिका आणि डॉक्टर. आई-वडिलांच्या भेटीही परवानगीच्या आणि नियमांच्या झाल्या. टोरांटो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्यम ब्लाट्झ यांच्या देखरेखीखाली मुलींचे खाणे, झोपणे, रडणे, भांडणे यांच्या नोंदी होऊ लागल्या. एका कुटुंबाचे आता दोन पत्ते होते आणि मधून रस्ता जात होता.

९/ १९३६ मध्ये बालगृहाच्या खेळण्याच्या अंगणाभोवती प्रेक्षागृह बांधण्यात आले. बाहेरच्यांना आत दिसावे, पण आतून बाहेरचे स्पष्ट दिसू नयेत, अशी जाळी लावली गेली. दिवसातून दोन-तीनदा मुलींना तिथे खेळायला आणत. १९४३ पर्यंत सुमारे ३० लाख लोक त्यांना पाहून गेले. शोषणापासून संरक्षण म्हणून सुरू झालेली व्यवस्था प्रांतातील सर्वांत मोठ्या पर्यटनस्थळांपैकी एक बनली. लोक त्याला ‘क्विंटलँड’ म्हणू लागले.

१०/ प्रवेश विनामूल्य होता. कमाई आसपास होत होती. पेट्रोलपंप, हॉटेले, बाहुल्या, पोस्टकार्डे. संततीसाठी शुभ समजून परिसरातले खडेसुद्धा लोक घेऊन जात. सुइणींचे दुकान होते आणि वडिलांचेही. क्वेकर ओट्स, कोलगेट, पामोलिव्ह, कॅरो सिरप यांच्या जाहिरातींत पाच चेहरे झळकत. करारांचे पैसे मुलींच्या नावाच्या निधीत जमा होत आणि बालगृहाचा खर्चही त्याच निधीतून वळता होई. स्वतःच्या कुंपणाचा खर्च त्या स्वतःच भरत होत्या.

११/ सिनेमा मागे राहिला नाही. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ‘द कंट्री डॉक्टर’ (१९३६), ‘रीयुनियन’ (१९३६) आणि ‘फाइव्ह ऑफ अ काइंड’ (१९३८) असे तीन चित्रपट काढले. मुली त्यांत दिसतात. पहिल्या चित्रपटात जीन हर्शोल्ट यांनी साकारलेला डॉक्टर नायक आहे आणि बाळांचा बाप हे गोंधळलेले हास्यपात्र आहे. ज्या बापाकडून मुली प्रत्यक्षात काढून घेतल्या होत्या, त्याच्याच प्रतिमेवर पडदा हसत होता.

१२/ या विनोदाला धार आणली प्रेस्टन स्टर्जेस यांनी. १९४४ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्यांच्या ‘द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक’ मध्ये नायिकेला सहा मुलगे होतात आणि बातमी कळताच गव्हर्नर आपल्या राज्याचा लौकिक सांभाळायला धावतो. कालपर्यंत ज्या कुटुंबाची बदनामी चालली होती, ते एका फोनवर आदरणीय ठरते. ‘क्विंट्स’ मध्ये डॉन नॉट्स यांनी रंगवलेला गव्हर्नर याच परंपरेतला. बाळे अधिक झाली की सत्ता पाळण्याशी येते, हे विनोदकारांनी ओंटारिओनंतर चांगलेच ओळखले होते.

१३/ वडिलांच्या दीर्घ लढ्यानंतर नोव्हेंबर १९४३ मध्ये पाचही मुली घरी परतल्या. नऊ वर्षांच्या मुली, सुमारे वीस खोल्यांचा नवा वाडा, आणि तो बांधला त्यांच्याच निधीतून. चित्रपट इथे संपला असता. पण एकमेकांना पाहुण्यांसारखे ओळखणारी भावंडे आता एका जेवणाच्या टेबलाशी बसत होती. बालगृहाच्या घड्याळावर वाढलेल्या या पाच आणि शेतघरात वाढलेली इतर, यांच्यात सामाईक बालपणच नव्हते.

१४/ बहिणींनी पुढे सांगितले की, त्या घरात त्यांना कुटुंबावर ओढवलेल्या संकटाचे कारण मानले जाई. १९९५ च्या सुमारास हयात असलेल्या तिघींनी वडिलांवर लैंगिक अत्याचाराचे आरोपही केले. वडील १९७९ मध्येच वारले होते, आणि इतर भावंडांनी हे आरोप नाकारले. एकाच घराच्या दोन आठवणी झाल्या. भावंडांना नऊ वर्षे एकमेकांपासून तोडल्यावर याहून वेगळे काय होणार होते?

१५/ अठरा वर्षांच्या झाल्यावर त्या घराबाहेर पडल्या. एमिली १९५४ मध्ये, विसाव्या वर्षी, एका मठात अपस्माराच्या झटक्याने गेली. मारी १९७० मध्ये वारली. उरलेल्या तिघींनी सरकारकडे दाद मागितली आणि १९९८ मध्ये ओंटारिओ सरकारने त्यांना ४० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

१६/ त्याआधी काही महिने, १९ नोव्हेंबर १९९७ रोजी, अमेरिकेतील आयोवा राज्यात मकॉघी दांपत्याला सात अपत्ये झाली. घरात आधीची एक लहान मुलगी होती. आता असे जन्म केवळ निसर्गाची अपूर्वाई राहिले नव्हते. वंध्यत्वावरील औषधांमुळे ते वारंवार घडू लागले होते. भेटवस्तू, कॅमेरे आणि कंपन्या पुन्हा दाराशी आल्या. ‘क्विंट्स’ तयार झाला तो याच काळात.

१७/ त्या वेळी इव्हॉन, अ‍ॅनेट आणि सेसिल यांनी ‘टाइम’ साप्ताहिकातून मकॉघी दांपत्याला जाहीर पत्र लिहिले. त्याचा आशय असा: या बाळांना इतर मुलांपेक्षा अधिक प्रसिद्धी मिळू देऊ नका. अनेक बाळांचा जन्म ही करमणूक नव्हे आणि माल खपवण्याची संधीही नव्हे.

१८/ चित्रपटातल्या जेमीची तक्रार अशी, की बाळांइतकेच आपल्याकडेही पाहावे. ज्यांच्याकडे सारे जग पाहत होते, त्या बाळांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मागितले ते एवढेच, की इतर मुलांपेक्षा आमच्यासारख्यांकडे अधिक पाहू नये. मागणे दोघांचेही एकच आहे. डिस्नेच्या पडद्यावर ते दीड तासाच्या आत मान्य झाले. कॉर्बेयच्या त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र बालपण सरेपर्यंत ते कुणी ऐकलेच नाही.

(समाप्त)