खडकीची दलदल

मंडळी, पुण्यास गेलात तर मुळेकाठच्या खडकीस जरूर जा. आज तिथे लष्करी छावणी नि दारूगोळ्याचा कारखाना दिसेल. पण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची इंग्रजांशी गाठ पडली ती इथेच. दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. फौज बापू गोखल्यांच्या हाती. इंग्रज थोडे, मराठे कितीतरी पट अधिक. घोडदळ भरधाव सुटले आणि वाटेत दलदल आडवी आली! घोडे रुतले, फळी फुटली, जरीपटक्याचे मोरोपंत दीक्षित पडले. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले. गुरुजी, मुलांकडून सन पाठ करून घ्यालच. पण शौर्याइतकीच पायाखालच्या जमिनीची पारख लागते, हेही सांगा बरं का!