खंजिरीचा स्वर आणि १९४२ चे चिमूर

१/ विदर्भातील लोकगायकांचा इतिहास चांदा जिल्ह्यातील १९४२ च्या श्रावणावाचून अपुरा राहतो. आजचे चंद्रपूर व गडचिरोली तेव्हा या एकाच जिल्ह्यात होते.

२/ अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज स्वतः भजने रचीत आणि खंजिरीच्या तालावर गात. शब्द सोपे, चाल सर्वांना धरता येईल अशी. निरक्षर श्रोताही ती कंठस्थ करून गावी नेई.

३/ १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. महाराजांच्या भजनांनी भारलेल्या चिमुरात गोळीबार झाला. १६ वर्षांचा बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. क्षुब्ध जमावाकडून सरकारी अधिकारीही मारले गेले. पुढे फौजेने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अनन्वित अत्याचार केले.

४/ २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर व रायपूरच्या कारागृहांत ठेवून डिसेंबरात त्यांना सोडण्यात आले.

५/ गायकाला कोंडता आले. लोकांच्या मुखी बसलेली भजने जप्त करणे सरकारला शक्य नव्हते. चिमूरच्या हुतात्म्यांचे स्मरण करताना म्हणूनच त्या खंजिरीचेही स्मरण व्हावे.