पाडवा ते मृग : उन्हाळी लेपाचा इतिहास

पंढरपुरात गुढीपाडव्यापासून विठ्ठलाला चंदनाची उटी लागते आणि मृग नक्षत्र निघालं की, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, ती थांबते. चैत्र वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला उटी लावतात. वारकरी त्या वारीला उटीची वारी म्हणूनच ओळखतात. त्याच दिवसांत घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. आलेल्या बायकांच्या हाताला चंदन लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, पन्हं आणि कैरीची डाळ द्यायची, ओटीत भिजवलेले हरभरे घालायचे. उन्हाळ्यात अंगाला काय लावावं हे आपल्याकडे शतकानुशतकं पंचांगानं ठरवलं. देवालाही उन्हाळा लागतो, आणि जे देवाला ते घराला, अशी ती समजूत होती.

मी सोलापूरची. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे आजीची सहाण आणि प्रयोगशाळेतला खल या दोन्हींशी माझं नातं आहे. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही भिंती गरम राहतात. आमच्या घरी पाडवा झाला की अंगाला लावायच्या तेलाची वाटी फडताळात जायची. काष्ठौषधीच्या दुकानातून नवी पुडी यायची: वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा, गुलाबपाकळी. दिवाळीच्या उटण्यातली आंबेहळद आजी उन्हाळ्याच्या पुडीत घेत नसे, वाळा मात्र जास्त घेई. मुलतानी माती ताकात किंवा गुलाबपाण्यात कालवायची, पातळ थर द्यायचा आणि तडकण्याआधी धुवायचा. घामोळ्यांवर चंदनाचं गंध. तेलंगणाकडून ताडगोळे आले की त्यांच्या आतलं पाणी मुलांच्या पाठीवर चोळायचं. अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचा कोळ. साबण दिवसातून एकदाच, तोही घाम फार असेल तिथे. बाकी डाळीचं पीठ.

या सगळ्यामागे एकच धोरण होतं: उन्हाळ्यात त्वचेवरचं ओझं कमी करायचं. तेल काढायचं, वास हलका ठेवायचा, पाणी वाढवायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर ओला लेप वाळताना त्यातलं पाणी उडतं आणि जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. मुलतानी माती त्वचेवरचा तेलकटपणा शोषते. घामोळं म्हणजे घामाच्या बारीक नळ्यांची तोंडं बंद होऊन घाम आतच साचणं. त्यावर तेलाचा थर दिला तर ती आणखी बंद होतात. आजीला हा खुलासा माहीत नव्हता, पण तेलाची वाटी उचलून ठेवण्याचा दिवस तिला बरोबर माहीत होता.

हे धोरण फार जुनं आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा. ग्रीष्मात खारट, तिखट, आंबट, व्यायाम आणि ऊन टाळावं, अंगाला चंदन लावावं, तलम वस्त्रं नेसावीत, ओल्या पंख्यांनी वारा घ्यावा, असं तिथे सांगितलं आहे. पुतळ्यांच्या हातांतून आणि मुखांतून वाळ्याचं पाणी झरतं आहे, अशा दालनात झोपायलाही सांगितलं आहे. वाग्भटाचा ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढाचा. आमच्याकडे आषाढात पाऊस असतो. भाजतं ते चैत्र-वैशाखात. म्हणून मराठी घरांनी ग्रंथाची आज्ञा घेतली, पण तारखा आपल्या आभाळाकडे बघून लावल्या. पाडवा ते मृग ही त्याचीच नोंद आहे, असं मला वाटतं.

सोलापूरहून कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, फार लांब नाही. तिथे बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वीस प्रकार आहेत आणि त्यांत स्नानभोग आणि विलेपनभोग असे स्वतंत्र भाग आहेत. अंगाला काय लावायचं हा राज्यकारभाराच्या ग्रंथात बसणारा विषय होता. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे यांनी सुगंधी द्रव्यांच्या इतिहासावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी ‘गंधवाद’ नावाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ ग्रंथ संस्कृत, त्यावरची टीका मराठी. तिचा काळ त्यांनी १३५० ते १५५०च्या दरम्यान धरला. अंगाला लावायचे सुगंध सिद्ध करण्याची कृती त्या काळी कुणीतरी मराठीत समजावून सांगत होतं. ती वाचणारा गंधी किंवा वैद्य आपल्याच मुलखातला असणार. मला या टीकेचं फार अप्रूप आहे, कारण रसायनशास्त्र मराठीत शिकवता येतं का, या प्रश्नाचं इतकं जुनं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

विसाव्या शतकात लेप बाटलीत गेला. पहिल्या महायुद्धात म्हैसूरच्या चंदनाची युरोपकडे जाणारी वाट बंद झाली, लाकूड साठून राहिलं. म्हैसूर संस्थानानं १९१६ साली तेल काढण्याचा कारखाना घातला आणि त्यातून पुढे चंदनाचा साबण आला. मुंबईत १९१९ साली इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. स्नो हा शब्द मराठी घरात इतका रुळला की नटण्याला लोक ‘स्नो-पावडर करणं’ म्हणू लागले.

स्नो उन्हाळ्यात का चालला, हे मी विद्यार्थ्यांना करूनच दाखवत असे. कोल्ड क्रीम म्हणजे मेण आणि तेल, त्यात थोडं पाणी आणि टाकणखाराचा अंश. ते थंडीचं. स्नोचं गणित उलटं. स्टिअरिक आम्ल वितळवायचं, थोडा क्षार गरम पाण्यात विरघळवून त्यात ओतायचा आणि ढवळत राहायचं. आम्लाचा थोडा भाग साबण होतो आणि तोच उरलेलं आम्ल पाण्यात धरून ठेवतो. तयार होणाऱ्या पांढऱ्याशुभ्र मलमात बहुतेक भाग पाणीच. चेहऱ्यावर चोळलं की पाणी उडतं, गारवा लागतो आणि मागे कोरडा, चमक नसलेला पातळ थर उरतो. म्हणजे चंदनाच्या गंधानं जे केलं, तेच स्नोनं केलं, तेही सहाणेवर दंड न दुखवता. बायकांनी तो आनंदानं घेतला आणि ते योग्यच होतं. पुढे परळच्या पेंढरकरांच्या ‘विको’ कंपनीनं हळद आणि चंदनाचं तेल अशाच न चिकटणाऱ्या मलमात घातलं. हे औषध की सौंदर्यप्रसाधन, या अबकारी कराच्या वादात ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आजीच्या पुडीला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता.

पावडरीची गोष्ट आमच्या गावात गिरणीशी जोडलेली आहे. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली. तिला सगळे जुनी मिल म्हणत. विणकामाच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात, नाहीतर सूत तुटतं. बाहेर कोरडं ऊन, आत वाफ. माझे वडील त्या खात्यात होते. उन्हाळ्यात पाळी संपवून ते घरी येत तेव्हा मान, काखा, कमरेचा पट्टा लाल झालेला असे. आई आधी साध्या पाण्यानं अंग पुसून घ्यायची, पूर्ण कोरडं करायची आणि मगच डबा उघडायची. शंखजिऱ्याचे कण थरांवर थर सरकणारे, त्यामुळे कातडी कातडीवर घासत नाही. सोबत जस्ताचं भस्म असलं तर जळजळ निवते. पावडर ओल्या अंगावर टाकली तर तिचे गोळे होतात आणि नळ्या अधिकच बंद होतात. आईचा क्रम बरोबर होता. पण पाच वाजता पुन्हा त्याच दमट खात्यात जायचं असेल तर डबा कितीसा पुरणार?

इथेच या इतिहासातली मला सलणारी गोष्ट आहे. वाग्भटाच्या यादीत ऊन आणि श्रम टाळणं लेपाच्या आधी येतं. सावली, वारा, पाणी, दुपारची विश्रांती हा ऋतुचर्येचा कणा आहे. चंदन त्यावरचं शेवटचं बोट. बाजारानं कणा सोडून बोट तेवढं विकायला घेतलं. आणि विकताना गारव्याऐवजी गोरेपणाचं वचन दिलं. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला गोरेपणा २०२० साली काढला, पण तोवर तीन पिढ्यांच्या मुलींनी उन्हाळा म्हणजे काळं पडण्याची भीती, असाच अर्थ शिकला होता. जुन्या ग्रंथांतही वर्ण उजळण्याचे लेप आहेत, हे खरं. पण उन्हाळ्याच्या अध्यायात चिंता रंगाची नाही, अंगातल्या आगीची आहे.

सनस्क्रीन ही मात्र खरोखर नवी भर आहे आणि तिचं मी स्वागत करते. चंदन किंवा मुलतानी माती अतिनील किरण भरवशानं अडवत नाही. एसपीएफ ३० चं मलम पुरेशा जाड थरात लावलं तर त्वचा भाजवणाऱ्या किरणांतले सुमारे ९७ टक्के अडतात. घाम आला की ते पुसलं जातं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. उन्हाळ्यात जाड तेलकट मलम बाजूला ठेवा, पाण्यासारखं हलकं घ्या, तोंड दोनदाच धुवा, कोरड्या अंगावरच पावडर टाका. हा सल्ला आज त्वचारोगतज्ज्ञ देतात आणि त्यातलं बरंचसं आजीच्या पाडव्यात होतं.

पण सोलापूरच्या रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बाईला हा सल्ला कसा पुरणार? तिच्याकडे डोक्यावरचा पदर आणि तोंडाला गुंडाळलेला रुमाल आहे, आणि ते दोन्ही कुठल्याही मलमाइतकेच शहाणे आहेत. तिला हवी आहे ती दुपारी बारा ते चारची सुट्टी, कामाच्या जागी मांडव आणि गार पाण्याचा रांजण. जो समाज पाडव्यापासून मृगापर्यंत देवाच्या अंगाची इतकी काळजी घेतो, त्याला हे जमण्यासारखं आहे. ऋतुचर्येतलं पहिलं कलम राजवाड्यातून रस्त्यावर यायला हवं. लेपाचा क्रमांक त्यानंतरचा.