धाकटीची उधारीची वही

दिवाळीत धाकट्या बहिणीकडे उरणला गेलो होतो. माळा आवरताना तिची उधारीची जुनी वही सापडली आणि आवरणे तिथेच राहिले.

मलकापूरच्या शाळेत भूगोल शिकवताना मी वर्षानुवर्षे मुलांना अरबी समुद्रात एक ठिपका काढायला लावला. शेजारी लिहायचे, 'बॉम्बे हाय'. 'सागर सम्राट'ने १९७४ साली तेथे तेल शोधले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, मुंबईपासून अंतर सुमारे १६० किलोमीटर. सारे तोंडपाठ! पण त्या ठिपक्यावर कोणाकोणाची चूल पेटते, हे १९८१ मध्ये धाकटीचे लग्न झाल्यावर कळले.

तेल आणि वायू समुद्राखालच्या नळाने उरणला येतो. त्याआधीचे उरण म्हणजे मिठागरे, भातशेती आणि करंजाची मासेमारी. मेहुणे वेल्डर, तेही ठेकेदाराकडे. कंपनीच्या नोकरांना चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी अशी पाळी. ठेकेदाराच्या माणसाला कसली पाळी? काम संपेपर्यंत महिना, दीड महिना तिकडेच. पगार मागाहून. मग घर कशावर चालवायचे?

धाकटीने डबे सुरू केले. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली पोरे भाताला कंटाळलेली. त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा हवा. मी सुट्टीत ज्वारीचे पोते घेऊन निघत असे. मलकापूरहून रेल्वे, पुढे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच. ओहोटी असली की ताटकळायचे. लाँचवाला पोत्याकडे बघून हसायचा, "मास्तर, इकडे तांदूळ मिळतो हो!"

घरमालकीण आगरी. नव्या मुंबईसाठी त्यांची भातखाचरे संपादनात गेली होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्याच लढ्यातून आली. धाकटी सांगते, त्या आठवड्यात मालकिणीने चूल पेटवली नाही, तेव्हा हिनेच त्यांच्या घरी भाकरी पोचवल्या. मालकिणीने तीन महिने भाडे मागितले नाही. आम्ही बाहेरचे, त्यांच्या गेलेल्या जमिनीवर पोट भरायला आलेलो. मला आजही याचा संकोच वाटतो.

आता वही. पानापानावर नाव, गाव, डब्यांची संख्या. औंढा, मेहकर, लोणार, परतूर. एका ठेकेदाराचे काम अचानक बंद झाले, मजुरांचा पगार बुडाला, ते रातोरात गावी गेले आणि धाकटीचे डबे बुडाले. मेहुण्यांचेही दोन महिने त्यातच गेले. तिने मंगळसूत्र गहाण ठेवून किराणावाल्याचे देणे फेडले. आम्हाला हे तब्बल नऊ वर्षांनी कळले! १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरवाल्यांची गर्दी वाढली, तेव्हा कुठे धंदा सावरला. तोवर भाचीची शाळेची फी मी भरत होतो, हे लिहिले म्हणून ती रागावेल.

२७ जुलै २००५ मात्र वहीत नाही. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडालेली. त्यात 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मवर आदळले आणि आग लागली. एका जखमी स्वयंपाक्याला वर पोचवताना हे घडले. बावीस माणसे गेली. मेहुणे समुद्रातच, कोणत्या प्लॅटफॉर्मवर ते धाकटीला ठाऊक नाही, फोन लागेना. आम्ही मलकापुरात टीव्हीसमोर. तिसऱ्या दिवशी फोन आला. ते दुसरीकडे होते. धाकटी एवढेच म्हणाली, "दादा, आले बरं का," आणि फोन ठेवला. तिला डबे भरायचे होते.

वहीतल्या उधारीची मी सवयीने बेरीज करायला घेतली, तर तिने हातातून पेन काढून घेतले. वही सध्या माझ्याकडे आहे. भाचीला हवी असल्यास तिने कळवावे, शेगावला येईल तेव्हा देईन.