रानातील अळंबी : ओळख, तोडणी आणि सावधगिरी

पावसाळा स्थिरावला, की गोव्यातील बाजारांत आणि रस्त्यांच्या कडेला पानांवर मांडलेली रानटी अळंबी दिसू लागतात. श्रावणात मासळी वर्ज्य करणाऱ्या घरांत अळम्यांच्या तोणाकाला विशेष मान असतो. मात्र या रानमेव्यात चुकीला क्षमा नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात विषारी अळंबी खाल्ल्याने किमान १३ जणांचा मृत्यू झाला होता.

रोंयणीची अळमी

गोव्यात सर्वाधिक मागणी असते ती रोंयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, उगवणाऱ्या अळंब्यांना. शास्त्रीय भाषेत ती ‘टर्मिटोमायसिस’ या प्रजातीत मोडतात. वाळवी पालापाचोळा वारुळात नेऊन त्यावर ही बुरशी जोपासते आणि तिच्याच आधारे अन्न मिळवते. पावसात या बुरशीला जमिनीबाहेर छत्र्या फुटतात. वाळवीशी असलेल्या या सहजीवनामुळे धिंगरी वा बटण अळंब्यांप्रमाणे त्यांची व्यापारी लागवड होत नाही. गोवा विद्यापीठात अध्यापन केलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी गोव्यातील या अळंब्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

ओळख कशी पटवावी

छत्रीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा आणि जमिनीत वारुळापर्यंत गेलेला मुळासारखा लांब देठ या रोंयणीच्या अळंब्यांच्या ठळक खुणा होत. याउलट ‘अमानिता’ गटातील अनेक अळंब्यांच्या देठाच्या तळाशी पेल्यासारखे आवरण असते आणि छत्रीखालील पापुद्रे पांढरे असतात. या गटातील काही जाती प्राणघातक आहेत. वरच्यावर खुडलेल्या अळंब्याचा तळ जमिनीतच राहतो आणि हीच महत्त्वाची खूण हातची जाते. हिरवळीवर उगवणारे ‘क्लोरोफायलम’ हे पांढऱ्या छत्रीचे अळंबेही खाण्याजोगे वाटते. पण ते खाल्ल्यास काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब होतात.

चांदीचा चमचा वा लसूण काळी पडली तरच अळंबी विषारी, किडीने खाल्लेली अळंबी निर्धोक, हे समज निराधार आहेत. केवळ छायाचित्र वा मोबाईलवरील अ‍ॅप पाहून निर्णय घेणेही धोक्याचे. वर्षानुवर्षे अळंबी काढणाऱ्या जाणकाराने खात्री दिली नाही, तर ते अळंबे टाकून द्यावे.

हाताळणी

अळंबी प्लास्टिकच्या पिशवीत घालू नयेत. ती घामेजून लवकर कुजतात. टोपली किंवा पाने वापरावीत. अनोळखी अळंबी ओळखीच्या अळंब्यांत मिसळू नयेत. माती धुऊन ती त्याच दिवशी पूर्ण शिजवावीत, कच्ची खाऊ नयेत. प्रथमच खाणाऱ्याने थोडीच खावीत. एक-दोन अळंबी न शिजवता बाजूला ठेवल्यास प्रसंगी डॉक्टरांना निदानासाठी उपयोगी पडतात. शिजवल्याने, वाळवल्याने वा गोठवल्याने अमानितातील घातक विष नष्ट होत नाही, हे विसरू नये.

विषबाधेची फसवी लक्षणे

या विषाची लक्षणे बहुधा ६ ते २४ तासांनी दिसतात. उलट्या-जुलाबांनंतर रुग्णाला दिवसभर बरे वाटू शकते. याच काळात यकृताची हानी सुरू असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते निकामी होऊ शकते. म्हणून उतार पडल्यासारखे वाटले तरी घरी थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्वरित रुग्णालय गाठावे, उरलेली अळंबी सोबत न्यावीत आणि त्याच जेवणातील इतरांचीही तपासणी करून घ्यावी.

वारूळ राखावे

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यांतून परवानगीविना वनोपज नेण्यास मनाई आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला ही अभयारण्ये त्यात येतात. इतरत्रही कळ्या खुडू नयेत आणि वारूळ खणू नये. पूर्ण उमललेल्या काही छत्र्या मागे ठेवल्यास त्यांचे बीजाणू पसरतात. वारूळ उद्ध्वस्त झाले, तर पुढील पावसात तेथे अळंबी उगवणार नाहीत.